गोळी, चहा आणि आमच्या घरातलं बीट

प्रेग्नंट बाईने काय खावं हे सांगायला अख्खं गाव तयार असतं. लिफ्टमधल्या काकू, भाजीवाली, नवऱ्याच्या ऑफिसातला कोणीतरी ज्याच्या बायकोला तीन वर्षांपूर्वी बाळ झालं तो पण. पण आयर्नची गोळी कधी घ्यायची, कशासोबत घ्यायची हे विचारा, सगळे गप्प. आणि माझं स्पष्ट मत आहे की अर्धी लढाई तिथेच हरली जाते.

मला आता सातवा चालू आहे. पाचव्यात एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, ९.८ आलं (११ च्या खाली गेलं की अॅनिमिया, म्हणजे रक्त कमी, धरतात, ७ च्या खाली म्हणजे गंभीर) आणि त्या दिवसापासून आमच्या घरी बीटाशिवाय पान हलत नाही. बीटाची कोशिंबीर, बीटाचा ज्यूस, सासूबाईंनी तर थालीपिठातपण बीट किसून घातलं आणि ते चांगलं झालं होतं हे कबूल आहे, पण लाल दिसतं म्हणजे रक्त वाढतं हा हिशोब काही खरा नाही ना. १०० ग्रॅम बीटात लोह असतं जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास, डाळिंबात तर त्याहून कमी. आणि बाळ, वार, आईचं वाढलेलं रक्त असं सगळं धरून अख्ख्या गरोदरपणात लोह लागतं साधारण हजार मिलिग्रॅम. त्यात भाज्या-कडधान्यांमधलं लोह अंगी लागतं फार थोडं. सरकारी दवाखान्यात जी लाल गोळी मिळते ना, त्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. मग बीट किती किलो खाणार सांगा. बीट खा, मस्त लागतं, पण गोळीच्या ऐवजी नको.

तसं एचबी थोडं खाली येणं नॉर्मल असतं, कारण या दिवसांत रक्तातला पातळ भाग जास्त वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी. पण थोडं म्हणजे थोडं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना अॅनिमिया निघाला होता, म्हणजे वेटिंग रूममध्ये बसलेल्यांपैकी निम्म्या. आणि तरी हा विषय निघाला की लोक "खजूर खा गं" म्हणून मोकळे.

आता मेन गोष्ट, चहा. चहातल्या टॅनिनमुळे लोह शरीरात नीट शोषलं जात नाही, कॅल्शियमच्या गोळीमुळेपण तेच होतं, दुधाचंही तसंच. म्हणजे सकाळी चहासोबत आयर्न आणि कॅल्शियम दोन्ही गिळून "झाल्या बाई गोळ्या" म्हणणाऱ्या ज्या बायका आहेत त्यांची गोळी बऱ्यापैकी वाया जाते. आमच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच वेळी पेपरवर लिहून दिलं, ते फ्रिजवर लावलंय: साडेसहाला चहा, साडेआठला नाश्ता, अकराला लिंबूपाण्यासोबत आयर्न (व्हिटॅमिन सी असलं की लोह नीट शोषलं जातं), दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम, चारला चहा, रात्री जेवून परत कॅल्शियम. ऐकायला सोप्पं. पण आमच्याकडे बायकांची भेटायला यायची वेळ नेमकी अकरा! "घोटभर घे गं, घोटभराने काय होतंय." नाही घेतला तर पाहुणीला वाईट वाटतं, सासूबाईंना पाहुणीला वाईट वाटल्याचं वाईट वाटतं. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला, माझ्या कपात लिंबू सरबत ओतायचं आणि कप हातात द्यायचा, बशीसकट.

गोळीने मळमळतं, पोट साफ होत नाही, शी काळी होते, हे सगळं खरं आहे. काळी शी बघून घाबरायचं नाही, ते लोहामुळेच. मळमळ फारच असेल तर झोपताना घेऊन बघा किंवा डॉक्टरांना गोळी बदलून मागा, पण परस्पर बंद नका करू. आणि गोळीने बाळ काळं होतं, बाळ फार मोठं होऊन अडतं असलं काहीही नसतं हो. आमच्या एका नातेवाईक बाईंनी याच भीतीने पाकिटं उशीखाली लपवली होती आणि केशर-दूध मात्र न चुकता प्यायची.

अजून एक, डोहाळे. चिंचा-आवळे ठीक. पण पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजकी माती, कच्चे तांदूळ, सारखा बर्फ, हे खावंसं वाटत असेल तर त्याचे फोटो-रील्स करण्याआधी एचबी करून घ्या, लोह कमी असलं की बऱ्याचदा असं होतं. आणि गोळी नीट घेऊनही एचबी हलत नसेल तर थॅलेसेमिया-सिकलसेलची (हे रक्ताचे आनुवंशिक आजार) टेस्ट झालीये का विचारा, विदर्भ-नंदुरबारकडच्यांनी तर नक्कीच. जास्तच कमी असलं तर सलाईनमधून लोह देतात, ते डॉक्टर ठरवतील.

ज्या अजून प्लॅनिंगमध्ये आहेत त्यांनी फॉलिक अॅसिड मात्र आधीच सुरू करा, कारण बाळाचा मज्जारज्जू ज्यातून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते आणि तोवर कित्येकींना पाळी चुकल्याचाही नीट पत्ता नसतो. पहिले तीन महिने नुसतं फॉलिक, चौथ्यापासून आयर्न, असं साधारण असतं. पैशाचा प्रश्न असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, २०१६ पासून सुरू आहे, आशाताईंना विचारा.

माझं आता १०.७ आलंय. आई जळगावहून डिंक आणि अळीव घेऊन येणारे, बाळंतपणानंतरपण सहा महिने गोळी चालू ठेवायची असते हे तिला फोनवर सांगितलं तर म्हणे लाडू असताना गोळी कशाला. आता तिच्यासाठी फ्रिजवर दुसरा कागद लावते.