माझ्याच पायातली कोणती दोरी?

बॅडमिंटन खेळताना मागच्या कोपऱ्यातलं शटल मारायला उडी घेतली, एका पायावर उतरले आणि गुडघ्यात 'टक्' झालं. दोन तासांत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. सूज उतरल्यावरही वळताना गुडघा निसटायचा, त्यामुळे ऑपरेशन करायचं हे लवकर ठरलं. नवीन लिगामेंट कशाचं करायचं, यात मात्र माझे तीन आठवडे गेले.

तुटलेली टोकं शिवून टाकतात अशी माझी समजूत होती. बहुतेक वेळा तसं करत नाहीत. त्या जागी टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बसवतात, आणि तो सहसा आपल्याच पायातून काढतात. एक जागा नीट करायला दुसरी चांगली जागा दुखवायची, हे पचायला मला वेळ लागला. मग दात्याचा टेंडन का नको, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुमचं वय २९, आणि परत खेळायचंय. तरुण, खेळणाऱ्या लोकांत तो तुटण्याचं प्रमाण जास्त आहे." तो विषय तिथेच संपला.

माझं मन गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर बसलं होतं. त्याचा मधला पट्टा काढतात, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून. तो बसवायला हाडात पाडलेल्या बोगद्यात हाडाला हाड सहा-आठ आठवड्यांत धरतं, नुसत्या टेंडनला आठ ते बारा लागतात. खेळाडू हाच घेतात, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवसभरात गुडघे किती वेळा टेकता?"

मी बालवाडीत शिकवते. अर्धा दिवस गुडघ्यांवरच असते.

हा ग्राफ्ट (बसवायला काढलेला टेंडन) घेतल्यावर गुडघे टेकताना पुढच्या बाजूला दुखण्याची तक्रार जास्त येते. वाटीच्या वरचा टेंडन चांगला जाड असतो, पण तो हे डॉक्टर क्वचितच वापरत. त्यांचा हात ज्यावर बसलेला नाही ते माझ्या पायावर कशाला? उरला हॅमस्ट्रिंग, मांडीच्या मागच्या बाजूचा. त्याचा तोटाही त्यांनी आधीच सांगितला: गुडघा पूर्ण दुमडताना ताकद थोडी कमी पडेल. शिवाय काहींचा टेंडन बारीक निघतो, ते आत गेल्यावरच नक्की कळतं.

माझा बारीकच निघाला. एकाच टेंडनची चौपदरी घडी करायचा बेत होता, पण जाडी ८ मिमीच्या आत आली, म्हणून शेजारचाही काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर हे ऐकून मला फसवल्यासारखं वाटलं. खरं तर या शक्यतेवर मी आधीच सही केली होती.

पहिले दोन आठवडे पाय सरळ करणं आणि मांडी आवळणं, एवढंच काम. मांडी माझं ऐकतच नव्हती. डोळे वटारून तिच्याकडे बघायचे, पण स्नायू हलायचा नाही. पाचव्या आठवड्यात चप्पल काढताना टाच मागे ओढली आणि मांडीमागे सणकन कळ गेली. ग्राफ्ट गेला म्हणून मी रडायलाच लागले. फिजिओनं गुडघा तपासला, तो घट्ट होता. जिथून टेंडन काढला होता तिथलीच ती ओढ होती, आणि असं बऱ्याच जणांना होतं म्हणे. हे आधी सांगितलं असतं तर!

दोन महिन्यांनी चालणं अगदी नेहमीसारखं झालं आणि मी जिना भरभर उतरू लागले. तेव्हा फिजिओ पहिल्यांदा रागावली. नवीन टेंडनमध्ये रक्तवाहिन्या शिरून त्याचं लिगामेंटसारखं काही तयार व्हायला महिनोन् महिने लागतात, आणि पायाला बरं वाटू लागतं नेमक्या त्याच काळात तो सगळ्यात कच्चा असतो. नऊ महिन्यांच्या आत कोर्टवर पाय ठेवायचा नाही, आणि त्यानंतरही आधी चाचणी. माझी चाचणी दहाव्या महिन्यात झाली. एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या ९२ टक्के भरली.

आता आठवड्यातून दोनदा खेळते. जखमेच्या बाहेरच्या बाजूला नडगीवर तळहाताएवढी जागा बधिर आहे, ती बहुधा तशीच राहील. गुडघे टेकताना मात्र दुखत नाही. पालथं झोपून टाच मागे नेली की ती कुल्ल्यापासून चार बोटं लांब राहते. हातानं ओढली तर टेकते, नुसत्या स्नायूच्या जोरावर नाही.