बेसिनमधला कोळी वर का चढत नाही

बेसिनमध्ये सापडलेला कोळी पाइपातून वर आला, असं आमच्याकडे सगळे ठामपणे सांगतात. पाइपाच्या वाकात कायम पाणी साचलेलं असतं. तिथून यायचं तर त्याला बुडी मारूनच यावं लागेल. बहुतेकदा तो वरून पडलेला असतो आणि बाहेर निघता येत नाही म्हणून तिथेच घुटमळत असतो. थोडा चढतो, घसरतो, पुन्हा चढतो. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतला कोळी असाच पडत-चढत अखेर वर पोचतो आणि हरलेल्या राजाला हुरूप येतो. त्या कोळ्याच्या हाताशी धागा होता, हे मात्र कुणी सांगत नाही. गुळगुळीत बेसिनमध्ये चिकाटीचं काही चालत नाही. तिथे पायाला चिकट केस असावे लागतात.

हा बहुधा छताच्या कोपऱ्यात जळमटं करणारा, लांबलचक बारीक पायांचा कोळी असतो. त्याच्या प्रत्येक पायाच्या टोकाला तीन नख्या. मधली नखी धागा पकडून शेजारच्या दातेरी केसांवर दाबते. धाग्यावर चालायला उत्तम सोय. खडबडीत भिंतीवरही नख्या अडकतात, पण बेसिनला अडकण्याजोगं काही नसतंच.

बेसिनशेजारच्या गुळगुळीत टाइल्सवरून तो तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी मात्र सरसर वर जातो. हो, तोच, ज्याला पाहून घरात किंकाळ्या उठतात. हा जाळं विणत नाही. झुरळांवर झडप घालतो. त्याच्या पायाला नख्या दोनच, आणि त्यांच्याखाली केसांचा दाट झुबका. एकेका केसाला असंख्य सूक्ष्म फाटे फुटलेले, प्रत्येक फाट्याचं टोक चपटं आणि पातळ. ही टोकं भिंतीला इतकी भिडतात की दोन्हीकडच्या रेणूंमधलं दुबळं आकर्षण, म्हणजे व्हॅन डर वाल्स बल, कामी येतं. पालीचंही तंत्र मुळात हेच. २००४ साली संशोधकांनी एव्हार्का आर्कुएटा या उड्या मारणाऱ्या चिमुकल्या कोळ्याचा हिशेब मांडला: आठ पायांवर मिळून अशी सुमारे ६,२४,००० टोकं! सगळी एकदम टेकली, तर त्याच्या वजनाच्या १७० पट भार पेलतील.

मग पाय उचलायचा कसा? केसांना दिशा असते. एका बाजूला ओढ बसली की ते चिकटतात, उलट बाजूने उचलले की पट्टी सोलावी तसे सुटतात.

मला खरी गंमत वाटते ती या केसांच्या इतिहासाची. योनास वोल्फ, वोल्फगांग नेंटविग आणि स्तानिस्लाव गोर्ब यांनी २०१३ साली कोळ्यांची अनेक कुळं ताडून पाहिली. चिकट केस एकदाच उगवून सगळीकडे पसरले असं झालेलं नाही. वेगवेगळ्या कुळांत ते स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा आले, आणि तेही बहुतेक तिथे, जिथे शिकारीचं जाळं सुटलं होतं. हे सयुक्तिकच आहे. जाळं भक्ष्याला धरून ठेवतं. जाळंच नसेल तर तडफडणारा जीव पायांनीच धरायला हवा. म्हणजे हे केस जितके चढण्यासाठी, तितकेच शिकार निसटू नये म्हणूनही असणार. आपल्या टाइल्स तर अगदी काल-परवाच्या.

घरातली झुरळं कमी झाल्याचं श्रेय मी त्या चपट्या कोळ्यालाच देते आणि तो दिसला की झाडू लपवते. घरातल्या बाकीच्यांना हा युक्तिवाद अजून पटलेला नाही.