तुम्ही विचारलंत म्हणून: विनोबांची शांतिसेना आज काय कामाची?

११ सप्टेंबरला विनोबांची जयंती असते, त्याच्या आसपास कुठल्या तरी कॉलेजात नाहीतर वाचनालयात मला बोलायला बोलावतात आणि शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली की हा प्रश्न येतोच येतो. "सर, युक्रेन बघा, गाझा बघा, तिथे तुमच्या विनोबांनी काय केलं असतं? जय जगत म्हणून रणगाडे थांबतात का?" विचारणारी मुलं चेष्टा करत नसतात, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं, पण तोवर आभाराची वेळ झालेली असते आणि दोन मिनिटांत मला काही नीट सांगता येत नाही. म्हणून इथे लिहितोय.

तर पहिल्यांदा सरळ उत्तर. नाही थांबत. निघालेला रणगाडा घोषणेने थांबत नाही, आणि विनोबांनी तसा दावा कधी केलाही नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की शांतता हवी असेल तर तिच्यासाठी माणसं तयार करावी लागतात, आधीपासून, जशी लढाईसाठी सैन्यं तयार करतात तशी. आपल्याला विनोबा म्हटलं की भूदान, गीताई आणि पवनारचा आश्रम एवढंच शाळेत शिकवलेलं आठवतं, पण माझ्या मते त्यांच्या विचारातला आज सगळ्यात उपयोगी पडणारा भाग म्हणजे शांतिसेना, आणि नेमका तोच आपण विसरून गेलोय.

१९५७ साली भूदानाची पदयात्रा कर्नाटकात असताना त्यांनी जय जगत, म्हणजे साऱ्या जगाचा जय असो, हा मंत्र दिला, आणि त्याच वर्षी केरळात शांतिसेना सुरू केली. कल्पना मुळात गांधीजींची, पण तिचा हिशोब मांडला विनोबांनी. दर पाच हजार लोकांमागे एक शांतिसैनिक. देशाची लोकसंख्या तेव्हा पस्तीस कोटी धरली तर सत्तर हजार माणसं. या माणसाने एरवी काय करायचं, तर आपल्या पाच हजार लोकांत सेवा करायची, घरं ओळखायची, कोण आजारी आहे, कोणाचा बांधावरून वाद चालू आहे, कोणत्या दोन मोहल्ल्यांत धुसफूस आहे हे माहीत ठेवायचं, आणि दंगल पेटली की हातात काही न घेता मध्ये जाऊन उभं राहायचं, जीव गेला तरी चालेल या तयारीने. आता ज्याला आदल्या दिवसापर्यंत कोणी ओळखत नव्हतं असा माणूस मध्ये उभा राहिला तर त्याचं कोण ऐकणार? म्हणून आधीची सेवा महत्त्वाची, ती या कामाचा अर्धा भाग आहे असं मला वाटतं.

आणि या सैन्याचा खर्च? त्यासाठी सर्वोदय पात्र. घरात एक भांडं ठेवायचं आणि रोज घरातल्या लहान मुलाच्या हाताने त्यात मूठभर धान्य टाकायचं. लहान मुलाची मूठ ती केवढी, पाच-पंचवीस दाणे बसणार, पण त्या मुठीतून ते घर रोज सांगत होतं की आमचं मत शांततेला आहे. सैन्याला पैसा करातून मिळतो, कर सक्तीचा असतो, इथे सक्ती नाही आणि तरी रोजचं देणं आहे. मला ही व्यवस्था फार हुशारीची वाटते, कारण लोकांना शांतता हवी आहे की नुसती आवडते हे भांडं बघून लगेच कळतं.

विनोबांचं अजून एक मत होतं, ते ऐकून मुलं नेहमी चमकतात. ते म्हणत की अणुबॉम्बपेक्षा मला लहान शस्त्रांची भीती जास्त वाटते. कारण अणुबॉम्ब माणसाला निवड करायला लावतो, एकतर टाकून द्या नाहीतर सगळे संपा. पण काठी, सुरा, बंदूक यांच्यामुळे हिंसा रोजच्या व्यवहारात बसते, तिने प्रश्न सुटतो असं वाटत राहतं. आज जगात किती ठिकाणी माणसं साध्या रायफलींनी मरतायत ते बघितलं की हे पटतं. अणुबॉम्बबद्दल ते जितके निर्धास्त होते तेवढा मी नाही, हेही सांगून टाकतो.

बरं हे सगळं कागदावरच राहिलं का, तर नाही. मे १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यात गेले आणि वीसेक डाकूंनी त्यांच्यापुढे येऊन शस्त्रं ठेवली, ज्यांना पकडायला पोलीस वर्षानुवर्षं बीहडात फिरत होते. सप्टेंबर १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातून पायी गेले, पंधरा-सोळा दिवस, फाळणीच्या जखमा ताज्या असताना, आणि तिथल्या मुसलमान शेतकऱ्यांनीही त्यांना भूदानात जमीन दिली. जमीन देणारा शेतकरी दुसऱ्या देशाचा, मागणारा आपला, आणि ती मिळणार तिथल्याच भूमिहीनाला. जय जगतचा अर्थ मला कुठल्याही भाषणापेक्षा यातून जास्त कळला.

त्याच वर्षी १ जूनला त्यांचे दोन तरुण कार्यकर्ते, सतीश कुमार आणि ई. पी. मेनन, दिल्लीत राजघाटावरून अण्वस्त्रांच्या विरोधात चालत निघाले, मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन अशा चार राजधान्यांना. विनोबांनी त्यांना काय सांगितलं, तर खिशात पैसे ठेवायचे नाहीत. पैसे असले की माणूस हॉटेल शोधतो, नसले की कुणाचं तरी दार वाजवावं लागतं आणि तिथेच बोलणं होतं. ते पाकिस्तानातून, अफगाणिस्तानातून, इराणातून चालत सोव्हिएत जॉर्जियात पोचले, तिथे चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चहा पाजला आणि चार पुड्या दिल्या, चार राजधान्यांतल्या चार पुढाऱ्यांसाठी. निरोप असा की बटण दाबावंसं वाटलं तर जरा थांबा, आधी हा चहा प्या, आणि विचार करा की बॉम्ब फक्त शत्रूवर पडणार नाही, आमच्यासारख्या साध्या माणसांवरही पडेल. आणि त्या पुड्या घेऊन ही मुलं चालत राहिली!

आता जे जमलं नाही तेही सांगतो, नाहीतर उत्तर अर्धं राहील. सत्तर हजार शांतिसैनिक कधीच झाले नाहीत, आकडा काही हजारांच्या पुढे गेला नाही. १९६२ च्या चीन युद्धात काय भूमिका घ्यायची यावर विनोबांच्या सर्वोदय चळवळीतल्या मंडळींतच मतभेद झाले. १९६३ मध्ये दिल्लीहून पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, मैत्री यात्रा निघाली, चीनने आत घेतलंच नाही, ती भारतातच संपली. १९६९ च्या अहमदाबाद दंगलीनंतर शांतिसैनिकांनी वस्त्यांत महिनोन्‌महिने काम केलं, पण पुढे जयप्रकाशजींच्या आंदोलनावरून चळवळ दुभंगली आणि शांतिसेनाही मोडली. आणीबाणीत विनोबा जे वागले, तिच्याविरुद्ध उघड उभे राहिले नाहीत, ते मला आजही पटत नाही. त्यांच्यावर माझं प्रेम आहे म्हणून ते मी झाकणार नाही.

पण कल्पना मेली नाही, ती देशाबाहेर गेली. २००२ मध्ये दिल्लीजवळ सूरजकुंडला जगभरची माणसं जमली आणि नॉनव्हायोलंट पीसफोर्स नावाची संघटना स्थापन झाली, शस्त्र न घेता युद्धाच्या भागात राहून सामान्य लोकांचं रक्षण करणारी. श्रीलंका, फिलिपिन्स, दक्षिण सुदान असं त्यांचं काम झालं. एप्रिल २०१४ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बोर इथे संयुक्त राष्ट्रांच्या छावणीवर सशस्त्र जमावाने हल्ला केला. या संघटनेचे दोन जण एका मातीच्या झोपडीत अडकले, सोबत बायका आणि मुलं. बंदूकवाले दारात आले, म्हणाले तुम्ही दोघं बाहेर पडा. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं आणि सांगितलं आम्ही निःशस्त्र आहोत, यांना सोडून जाणार नाही. असं तीनदा झालं आणि तीनदाही बंदूकवाले निघून गेले. आत होते ते सगळे वाचले, बाहेर मात्र त्या दिवशी कितीतरी माणसं मेली.

त्यांच्याकडे एकही बंदूक असती तर? झोपडीतलं कोणी वाचलं नसतं असं मला वाटतं.

तर मुलांनो, गाझात किंवा युक्रेनमध्ये पडणारं क्षेपणास्त्र शांतिसैनिक अडवू शकत नाही, हे कबूल. पण युद्धाच्या आधी आणि नंतर, आणि युद्ध चालू असताना गल्लीबोळात जी माणसं मरतात, तिथे तो खूप काही करू शकतो, आणि ते करणारी माणसं आज जगात आहेत, फारच थोडी आहेत एवढंच. सैन्यावर जग जेवढं खर्च करतं त्याचा चिमूटभर भागही या कामाला मिळत नाही.

मग पुढचा प्रश्न येतो, आम्ही काय करायचं? मी विनोबांचा हिशोबच फळ्यावर लिहितो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी, म्हणजे साधारण साडेबावीस हजार शांतिसैनिक लागतील. आमच्या वर्धा शहराची लाखाच्या थोडी वर, म्हणजे एकवीस जण. एकवीस! एका वर्गात त्याहून जास्त पोरं बसतात. शहरातल्या कुठल्याही मोहल्ल्यात ज्यांना लोक नावाने ओळखतील आणि सणाच्या दिवशी अफवा उठली की ज्यांना पहिला फोन करतील असे एकवीस जण. माझं नाव त्यात धरा, वीस राहिले, ज्यांना यायचंय त्यांनी सांगा, पहिलं काम म्हणून आपापल्या भागातली घरं वाटून घेऊ.