अख्खं पाकीट कशाला?

खेळांची टपाल तिकिटं आणि पाकिटं मी जमवतो. पाहुणे वह्या चाळतात, कौतुकही करतात, आणि मग हमखास विचारतात, "सर, तिकीट तेवढं कापून घ्यावं की, अख्खं पाकीट कशाला सांभाळायलात?" तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी सविस्तर सांगतो.

माझ्याकडे एक व्यापारी पत्र आहे. मोंढ्यातल्या एका आडत दुकानाची जुनी कागदं रद्दीत निघाली, त्यात ते मिळालं. लातूरहून जालन्याला गेलेलं, आत तुरीच्या भावाची चौकशी. वर दोन आण्यांचं तिकीट आहे, पेटती मशाल आणि आशियाचा नकाशा. हे पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धांचं तिकीट. ४ मार्च १९५१ ला दिल्लीत त्या सुरू झाल्या, अकरा देश आले होते, आणि आपल्या टपाल खात्याने दोन तिकिटं काढली: दोन आण्यांचं आणि बारा आण्यांचं. साध्या पत्राला तेव्हा दोन आणेच लागायचे. त्यामुळे दोन आण्यांचं तिकीट हौशी लोकांपुरतं न राहता आडतदाराच्या पत्रावरसुद्धा आलं.

आता यातली मराठवाड्याची गोष्ट बघा. आपल्याकडे निजामाची स्वतःची टपालसेवा होती. हैदराबाद संस्थानाची तिकिटं १८६९ पासून निघत होती. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो, तरी संस्थानाचं टपाल भारतीय टपालात विलीन व्हायला १९५० उजाडलं. म्हणजे पुढच्याच वर्षी लातूरच्या त्या आडतदाराने आशियाची मशाल पत्रावर चिकटवली. पोस्टाच्या खिडकीत जे मिळालं ते त्याने लावलं असणार, त्याचं लक्ष तुरीच्या भावाकडे. पण मुक्तिसंग्रामाचं पुस्तकात वाचलेलं सगळं मला त्या एका पाकिटावर हाताला लागतं.

तिकीट कापलं तर काय होईल? शिक्का अर्धा तिकिटावर आहे, अर्धा कागदावर. गावाचं नाव मधोमध तुटेल. पाकिटाच्या मागे जालन्याला पोचल्याचा शिक्का आहे, त्यावरून कळतं की पत्र तिसऱ्या दिवशी पोचलं. तो तर रद्दीतच जाईल. हातात उरेल मशालीचं एक तिकीट, आणि ते कुठल्याही विक्रेत्याकडे मिळतं. तिकिटं ढिगाने छापली जातात. या गावाचा, या तारखेचा, या पत्त्याचा कागद मात्र हा एकच आहे.

प्रथम दिवस आवरणांचंही तेच. नवं तिकीट निघतं त्या दिवशी छापील पाकिटावर ते लावून खास चित्राचा शिक्का मारतात, सोबत माहितीपत्रक मिळतं. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धांचं उद्घाटन १९ नोव्हेंबरला झालं, पण तिकिटं १९८१ पासूनच टप्प्याटप्प्याने येत होती. ती पाकिटं तारखांनुसार लावली की स्पर्धा जवळ येताना दिसते. कापलेली तिकिटं लावली तर नुसती चित्रं दिसतात.

खेळ आणि तिकिटांचं नातं तसं पहिल्या ऑलिंपिकपासूनचं. १८९६ ला अथेन्सच्या वेळी ग्रीसने बारा तिकिटांचा संच काढला होता, आणि त्या विक्रीतून स्पर्धेच्या खर्चाला हातभार लागला. मला ही गोष्ट फार आवडते. पत्र टाकणाऱ्या माणसाचाही त्या मैदानात वाटा होता.

किंमत किती येईल, हेही विचारतात. अलीकडच्या बहुतेक पाकिटांना फारशी येत नाही. त्यासाठी जमवायचं असेल तर जमवू नका.

सांभाळण्याचं मात्र ऐका, कारण आपला उन्हाळा आणि त्यानंतरची पावसाळी दमट हवा दोन्ही कागदाच्या वैरी आहेत. मे महिन्यात कोरडेपणाने डिंक तडकतो, तिकीट वळतं. जुलैत तोच डिंक ओलावा धरतो आणि तिकिटं एकमेकांना चिकटतात. वह्या उभ्या ठेवा, लोखंडी कपाट भिंतीपासून थोडं पुढे घ्या. तिकीट बोटांनी उचलू नका, चिमटा वापरा. सेलोटेप कधीच लावू नका, काही वर्षांत तिचा पिवळा डाग कागदात उतरतो आणि निघत नाही. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. नवीन तिकिटांसाठी मोठ्या पोस्टात २०० रुपये भरून फिलाटेलिक डिपॉझिट खातं उघडता येतं, तिकिटं आणि आवरणं घरी येतात.

आणखी एक प्रकार आहे, विशेष आवरण. त्यासाठी नवं तिकीट निघावं लागत नाही. छापील पाकीट, चालू तिकीट आणि त्या दिवसापुरता खास शिक्का. तिकिटाचा निर्णय दिल्लीत होतो, विशेष आवरणाला राज्याच्या टपाल सर्कलची मंजुरी पुरते. हयात माणसाचं तिकीट आपल्याकडे क्वचितच निघतं. १९५८ ला शंभरीनिमित्त महर्षी कर्व्यांचं निघालं, २०१३ ला दोनशेव्या कसोटीच्या वेळी सचिन तेंडुलकरचं.

म्हणून मला आपल्या भागासाठी विशेष आवरणाचा मार्ग खरा वाटतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे १ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं १९.५० सेकंदांत धावला आणि सुवर्णपदक घेऊन आला. १९५१ ला ज्या स्पर्धांची मशाल आपल्या पत्रांवर नुसती चिकटली होती, त्याच स्पर्धांत आपल्या दुष्काळी तालुक्याचा मुलगा पहिला आला. त्याच्या नावाचं आवरण माझ्या वहीत नाही, आणि ते मला हवं आहे. तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांशी बोलणं चालू आहे, प्रस्तावाचा मसुदा झाला आहे. शिक्क्यावर पाण्याच्या अडथळ्यावरून उडी घेणारा धावपटू, तारीख १ ऑक्टोबर, आणि ठिकाण म्हणून मुंबई किंवा संभाजीनगर न लिहिता आष्टी लिहावं, एवढा आग्रह मी त्यात धरला आहे.