युवराजाला 'नाही' म्हटल्यावर

पुणे, रविवार, रात्री

राजघराण्यातल्या हुकमी, म्हणजे सतत हुकूम सोडणाऱ्या, नायकांच्या प्रेमकादंबऱ्यांवर पुण्यातल्या वाचक मैत्रिणींचं एकमत होणं कठीण. एकीला युवराज करारी वाटतो, दुसरीला तोच युवराज दांडगट वाटतो, आणि पुस्तक मात्र दोघींनी शेवटपर्यंत एका बैठकीत वाचलेलं असतं. वाद बहुतेक वेळा त्याच्या आवाजावर, दरडावण्यावर, कपाळावरच्या आठ्यांवर घुटमळतो. मला ते सगळं वरवरचं वाटतं. नायक कसा आहे हे कळतं ते नायिका पहिल्यांदा 'नाही' म्हणते तिथे.

राजवाड्यातली अभ्यासिका डोळ्यांसमोर आणा. "शुक्रवारी लग्न आहे, घोषणा झाली आहे," तो सांगतो. ती विचारते, "आणि मला कोणी विचारलं?" पुढच्या तीन-चार ओळींत पुस्तकाचा कल ठरतो. एका कादंबरीत तो शांतपणे म्हणतो की तिचा पासपोर्ट तिजोरीत आहे. दुसरीत तो सचिवाला बोलावतो आणि घोषणा थांबवायला सांगतो. चेहरा तसाच कडक, माफीचा शब्दही नाही. अहंकार दोघांचा सारखाच, पण दुसरीकडे तिच्या नकारामुळे काहीतरी थांबलं. वाचक पुढची दोनशे पानं त्याचा ताठा सहन करते ती याच्याच जोरावर.

हा नायक जुना आहे. ई. एम. हल यांची 'द शेख' ही इंग्रजी कादंबरी १९१९ साली आली, दोन वर्षांत तिच्यावर मूकपटही निघाला. त्यात एक शेख नायिकेला पळवून नेतो, तिच्यावर बळजबरी होते आणि तरी ती शेवटी त्याच माणसावर प्रेम करू लागते. पुढच्या कित्येक वाळवंटी अमिरांची आणि छोट्या काल्पनिक राज्यांच्या राजपुत्रांची नाळ तिथेच जाते. म्हणून 'पूर्वीचे नायक सभ्य होते' असं कोणी लिहिलं की मला थांबवावंसं वाटतं. पूर्वीचे नायक जास्त कठोर होते. फरक सांगण्याच्या पद्धतीतही होता.

ही पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. मिल्स अँड बून या ब्रिटिश प्रकाशनाच्या जुन्या प्रेमकादंबऱ्यांत गोष्ट जवळजवळ पूर्ण नायिकेच्या नजरेतून चालायची. त्याच्या मनात काय आहे हे शेवटच्या प्रकरणापर्यंत कळायचंच नाही, त्यामुळे त्याचा कठोरपणा हे एक कोडं असायचं आणि प्रेमाची कबुली हे त्याचं उत्तर. पुढे नायकाचीही नजर आली. आता तिसऱ्याच प्रकरणात वाचकाला ठाऊक असतं की तो तिच्यासाठी झुरतोय. याने त्याचं वागणं सुसह्य होतं, पण लेखिकेची जबाबदारीही वाढते. तिला भीती वाटते आहे हे त्याला स्पष्ट दिसतंय आणि तरी तो तेच करतो आहे, असं त्याच्याच मनातून वाचल्यावर 'गैरसमज झाला होता' हा खुलासा चालत नाही. जुन्या पुस्तकावर मत देताना आणि नव्यावर मत देताना हा भेद धरला नाही, तर तुलनाच फसते.

दुसरी गोष्ट मुकुटाची. कमकुवत कादंबरीत मुकुट म्हणजे मनमानीचा परवाना. खऱ्या राजघराण्यात गादी आधी गादीवर बसणाऱ्यालाच बांधते. ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याला घटस्फोटित स्त्रीशी लग्न करायचं होतं म्हणून डिसेंबर १९३६ मध्ये राज्य सोडावं लागलं. ब्रिटनमध्ये २०१३ च्या कायद्यानंतरही वारसाक्रमातल्या पहिल्या सहा जणांना लग्नासाठी राजसत्तेची परवानगी लागते. परवानगीशिवाय लग्न केलं तर वारसाहक्क जातो. हा पेच ज्या लेखिकेला उमगला आहे, तिचा नायक हुकूम सोडतो तेव्हा त्यामागे त्याचीही कोंडी दिसते. ज्याला मंत्रिमंडळ नाही, आई नाही, कर्ज नाही, शेजारचं राज्य नाही, तो नुसता गर्भश्रीमंत हट्टी पोरगा. त्याला राजा म्हणायचं कशाला?

गोष्ट भारतातल्या संस्थानिक घराण्याची असेल तर कसोटी बदलते. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि पदव्यांची मान्यता गेली. तिथल्या 'राजेसाहेबां'च्या हाती कायद्याचं बळ नाही. त्यांचा दरारा जमिनीतून, वाड्यातून, गावाच्या सवयीतून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांतून येतो. नायिकेला तिजोरीतला पासपोर्ट अडवत नाही, "लोक काय म्हणतील" हे अडवतं. परदेशी साचा जसाच्या तसा उचललेल्या मराठी कादंबरीत हाच सांधा निसटतो: गावात बससुद्धा येते, बाईला पगार आहे, मग ती निघून का जात नाही? याचं उत्तर पुस्तकात हवं.

मोबाइलवरच्या मराठी क्रमशः कथांत आणखी एक अडचण आहे. प्रत्येक भागाला शेवटी ओढ लागायला हवी, म्हणून नायकाने तिचा अपमान करणं पुन्हा पुन्हा येतं आणि समेट पुढे ढकलला जातो. सलग पुस्तकात एकदा खटकलेली गोष्ट इथे वीस वेळा खटकते. कधीकधी दोष नायकाच्या घडणीपेक्षा भागांच्या मापाचा असतो, आणि मत देताना तसं लिहायला हवं.

माफीचंही माप असतं. प्रेमकादंबऱ्या छापणाऱ्या हार्लेक्विन प्रकाशनाच्या प्रेझेंट्स मालिकेतलं पुस्तक साधारण ५०,००० शब्दांचं. त्यात ४८,००० शब्द अरेरावी आणि उरलेल्यात पश्चात्ताप असेल, तर तो कितीही सुंदर लिहिलेला असो, वजनाला कमीच पडतो. माझ्या मते वळण साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत यायला हवं, म्हणजे बदललेला माणूस वागताना पाहायला मिळतो. माफी मागताना त्याने केलेल्या गोष्टीचं नाव घ्यावं. "मी वाईट वागलो" हे पुरेसं नाही, "मी तुझा पासपोर्ट ठेवून घेतला" असं म्हणावं. ती 'प्रेम आहे' म्हणायच्या आधी म्हणावं, तिने परत येण्याची हमी नसताना म्हणावं. आणि मग तिला खरंच जाऊ द्यावं. गाडी विमानतळापर्यंत जाते आणि तो आडवा येऊन ती थांबवतो, हा प्रसंग लोकप्रिय आहे, पण त्यात तिचा निर्णय पुन्हा तोच घेतो.

अशा पुस्तकांवर मत लिहिणाऱ्यांकडून माझी मागणी फार नाही. 'नायक आवडला नाही' यावरून पुढच्या वाचकाला काही उमजत नाही. पहिला नकार कोणत्या प्रकरणात, त्यावर तो काय करतो, गोष्ट कोणाच्या नजरेतून, नायिकेकडे स्वतःचे पैसे आणि जायला जागा आहे का, बळजबरीचा प्रसंग आहे का, एवढं दोन ओळींत आलं तरी पुरे. बळजबरीचं तर आधीच सांगावं. ज्यांना ते वाचायचं नाही त्यांनी ते मधल्या पानावर अवचित भोगू नये. आणि ज्यांना हुकमी नायक मनापासून आवडतो त्यांच्या आवडीवर शेरा मारू नये. कादंबरीत त्याला आवडून घेणं म्हणजे घरात तसा माणूस मागणं नव्हे, हे वाचणाऱ्या बाईला चांगलं कळतं.

उपसंहार मात्र चुकवू नका. बहुतेक जणी तिथे बाळाच्या बारशापर्यंत वाचून पुस्तक मिटतात. मी तिथे नायिकेचं काम शोधते. पहिल्या प्रकरणात ती भाषांतरकार असेल, तर शेवटच्या पानावर तिच्या टेबलावर कागद आहेत का?