आमची वाटचाल : जतच्या माळावरचा मोबाईल स्टार्टर

शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच येते. अंधारात विहिरीवर जाऊन मोटर चालू करायची, हे आमच्या वडिलांनी आयुष्यभर केलं. म्हणून कुपवाड एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात पॅनेल दुरुस्ती करता करता आम्ही दोघा भावांनी मोबाईल स्टार्टर करायला घेतला. घरून फोन लावला की मोटर चालू. आत सिम८०० मॉड्यूल (सिमकार्ड घालून फोन घेणारा छोटा बोर्ड), मोटर चालू-बंद करणारा एक रिले, थोडं सर्किट.

गाळ्यात सगळं चोख चाललं. पहिले १२ नग जत तालुक्यात बसवले आणि आठवड्याभरात तक्रारी आल्या : "रिंग जातीय, मग एकदम बंद पडतंय." मी जाऊन मीटर लावला, तर ४ व्होल्ट बरोबर. मॉड्यूल बदललं, तरी तेच. दोघा शेतकऱ्यांनी नग परत केले. पैसे लगेच दिले, पण त्यांचा रात्रीचा फेरा पुन्हा सुरू झाला, ते जास्त लागलं.

क्षणाक्षणाचं व्होल्टेज पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप उसना आणला तेव्हा उलगडा झाला. टूजीचं मॉड्यूल बोलताना सलग करंट घेत नाही. दर ४.६ मिलिसेकंदांनी जेमतेम ०.५८ मिलिसेकंदाचा झटका, आणि त्यात २ अँपिअरपर्यंत. त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं; मीटर सरासरी दाखवतो, त्याला हा खड्डा दिसतच नाही. शिवाय कुपवाडला टॉवर डोक्यावर, तिथं मॉड्यूल कमी ताकदीत भागवतं. जतच्या माळावर ते पूर्ण जोर लावायचं. आमच्या बारीक वायरी, कनेक्टर आणि बोर्डावरच्या पट्ट्या मिळून ०.४ ओहम. म्हणजे झटक्याला ०.८ व्होल्ट वाटेतच गेले. मॉड्यूलला किमान ३.४ लागतात, पोचत होते ३.२.

आधी वाटलं, मोठा कॅपॅसिटर लावला की झालं. हिशेब मांडला : १००० मायक्रोफॅरडनं एकट्यानं झटका पेलला तर व्होल्टेज सुमारे १.१६ व्होल्टनं उतरतं. कॅपॅसिटर हवाच, कमी ईएसआरचा (म्हणजे आतला रोध कमी असलेला) आणि मॉड्यूलला अगदी चिकटून; पण मागून ३ अँपिअरचा सप्लायही जाड, आखूड पट्टीनं आला पाहिजे. बोर्ड नव्यानं आखला, रिलेची लाईन वेगळी काढली. बाराही नग स्वखर्चानं बदलून दिले. परत केलेल्या दोघांच्या विहिरीवर आधी गेलो.

आता प्रत्येक नगाची अँटेना स्टीलच्या डब्यात झाकून वीस वेळा फोन लावतो. रेंज पडते, मॉड्यूल पूर्ण जोर लावतं, आणि जतचा माळ गाळ्यातच तपासून होतो. फोरजी मॉड्यूलही टूजीवर उतरलं की तेच २ अँपिअर मागतं, म्हणून नव्या बोर्डावरही ती जाड पट्टी तशीच ठेवली आहे.