चिमूटभर मीठ

आमच्या घरच्या ग्रुपवर रोज सकाळी एक तरी घरगुती उपाय येऊन पडतो. परवाचा काकांचा होता: अमुक बिया, तमुक पानं, उपाशीपोटी घ्या, मधुमेह मुळासकट जातो. खाली अमेरिकेतल्या भाच्याने नुसतं मीठदाणीचं चित्र टाकलं. दहा मिनिटांत काकांचा मला फोन. "अगं, याने मीठ किती घालायचं ते लिहिलंच नाही!"

भाच्याला म्हणायचं होतं की हे सगळंच खरं धरू नका. इंग्रजीत त्याला मिठाचा कण घालून घेणं म्हणतात, आणि जरा विद्वत्ता दाखवायची असली तर लॅटिनमध्ये 'कुम ग्रानो सालिस'. पण काका चुकले असं तरी कसं म्हणू? हा वाक्प्रचार आलाय म्हणतात तो एका औषधाच्या कृतीतूनच.

काळ्या समुद्राच्या दक्षिण काठावर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, पाँटसचं राज्य होतं. तिथल्या मिथ्रिडेटीस राजाला विषप्रयोगाची इतकी धास्ती की तो म्हणे रोज थोडं थोडं विष घेऊन अंगवळणी पाडायचा. रोमन सेनापती पाँपीने त्याचा पाडाव केला तेव्हा राजाच्या खासगी दप्तरात त्याच्याच हातची, विषावरच्या उताऱ्याची एक कृती सापडली. ती थोरला प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या ३७ खंडांच्या ग्रंथाच्या २३व्या खंडात उतरवून ठेवलीय: दोन सुके अक्रोड, दोन अंजीर, सतापाची वीस पानं, एकत्र कुटायचं, वर मिठाचा एक कण. उपाशीपोटी घेतलं की त्या दिवसापुरतं कुठलंच विष बाधत नाही. थेट आमचा ग्रुपच!

सताप आजीच्या परसात होता. पानं एवढीएवढीशी, पण नुसता हात लागला तरी तो उग्र वास बोटांवरून दिवसभर जात नसे. वीस पानं खाणाऱ्याला विषाची काय मातब्बरी?

इ. स. पू. ६३ मध्ये सगळं हातचं गेल्यावर राजाने स्वतःच विष घेतलं, तर ते चढेचना. शेवटी आपल्याच माणसाला तलवार चालवायला सांगावं लागलं, अशी कथा आहे.

प्लिनीचं मीठ मात्र साधं मीठच आहे. त्यात शंका मिसळली ती पुढच्या लोकांनी. आणि इथे मला आपली मराठी आठवते. आपल्याकडे तिखटमीठ लावतो तो सांगणारा. ऐकणाऱ्याने फार तर एका कानाने ऐकावं न् दुसऱ्याने सोडावं. इंग्रजीत मिठाचा डबा ऐकणाऱ्याच्या हाती. एवढ्या एका बाबतीत मला त्यांचं स्वयंपाकघर आवडतं.

काका फोनवर थांबलेच होते. "मग? किती घालू?"

"चवीपुरतं, काका. आणि गोळी चुकवू नका."